शेवटच्या नंबराचा ओला फडका

मित्रांनो, मी एक जुना फळा आहे, आणि स्वभावाने अतिशय हेवेखोर आहे. हे आधीच सांगितलेले बरे. पुढे माझ्या बोलण्यात कार्डांविषयी वाकडे शब्द आले तर तुम्ही नवल करू नये.

माझा जन्म १९५४ सालचा. होसकोट्याच्या एका सुताराने फणसाच्या दोन रुंद फळ्या जोडून मला बनवले आणि खळीत कोळशाची पूड कालवून काळे केले. बैलगाडीतून मी बंगळुरात आलो. बळेपेटेच्या मागल्या गल्लीत आपल्या मराठी मंडळींची एक लहानशी शाळा होती. तिच्या ओसरीवर, भीमाचार्य मास्तरांच्या वर्गाबाहेर, मला दोन खिळ्यांवर टांगले. माझ्यावर कोणी बेरजा मांडत नसे की कविता लिहीत नसे. मी नंबरांचा फळा होतो.

सहामाही आणि वार्षिक परीक्षा झाली की भीमाचार्य मास्तर स्टुलावर चढत आणि आपल्या वळणदार अक्षरात पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळ्या वर्गाची नावे माझ्यावर लिहीत. त्या दिवशी माझा थाट काय वर्णावा! मुले एकमेकांच्या पाठीवर चढून मला पाहत. पेठेतले बापलोक दुकान शेजाऱ्यावर सोपवून येत. दामोदर नावाचा मुलगा नेहमी पहिला असे. त्याची आई ठकुबाई नटूनथटून यायची आणि माझ्या वरच्या कोपऱ्याला हळदीकुंकू लावायची. ते कुंकू मी सहा-सहा महिने मिरवत असे.

शाळेची आणखी एक रीत होती. पुढची परीक्षा आली की जुनी यादी पुसायची, आणि ती शेवटच्या नंबराने पुसायची. मास्तरांना त्यात काही वाईट वाटत नसे, त्यांच्या मास्तरांनीही असेच केले होते. बहुतेक मुले तोंड पाडून येत, कसाबसा फडका फिरवत आणि पळून जात. माझ्या कोपऱ्यांत खडूची पूड तशीच राहायची.

मग अहल्या आली. तिचे वडील उमाजी शिंपी होते. भीमाचार्य मास्तर एकच वर्ग वरपर्यंत नेत, त्यामुळे ती माझ्याच ओसरीवर राहिली, आणि दर परीक्षेत तिचे नाव माझ्या अगदी तळाशी आले. पण ती पुसायला येई ती बादली घेऊन. फडका दोनदा पिळून घेई, चारही कोपरे पुसे आणि वर कोरड्या फडक्याने हात फिरवी. ठकुबाईच्या कुंकवाला मात्र धक्का लावत नसे. मला तिचे हात आवडत, हे मी कबूल करतो. पण ती शेवटची का येते, असा विचार माझ्या मनात एकदाही आला नाही. माझ्यापाशी तिचे एक नाव होते आणि एक आकडा होता. तेवढ्यावर मला वाटे की मी तिला ओळखतो.

१९६१ साली शाळेत नव्या मुख्याध्यापिका आल्या. त्यांचे नाव हेमलताबाई. बेळगावकडच्या, शिक्षणशास्त्र शिकून आलेल्या. त्यांनी पत्र्याच्या पेटीतून एक गठ्ठा बाहेर काढला आणि माझे दिवस फिरले.

ती कार्डे होती. गुलाबी, जाड, छापखान्याच्या वासाची. एकेका मुलाचे एकेक कार्ड! त्यावर दर महिन्याचे गुण लिहायचे, तोंडी परीक्षेचे वेगळे, हस्तव्यवसायाचे वेगळे. शिवाय मुलाची आवड काय, त्याला कशात अडचण येते, तो इतरांशी कसा वागतो, यासाठीही रकाने होते.

"आणि नंबर कुठे लिहायचा?" मास्तरांनी विचारले.

"नंबर नाही द्यायचा मास्तर. मूल मागच्या महिन्यापेक्षा किती पुढं आलं, ते बघायचं."

"बाई, पस्तीस मुलांचे इतके रकाने? मी शिकवू केव्हा?"

"रोज दोन मुलांकडे नीट बघा. पुरे आहे."

माझा नुसता जळफळाट झाला. बाई ती कार्डे पेटीत रुमालाखाली ठेवत. पावसाळ्यात पेटी उबदार खोलीत नेत. माझ्यावर ओसरीचे पाणी झिरपत होते, त्याची कोणाला शुद्ध? मुलांनी आपापल्या कार्डांना खाकी कागद घातले. मला सात वर्षांत साधी गोणपाटाचीही झूल मिळाली नव्हती. सहामाहीनंतर ठकुबाई आली, तिने सवयीने माझ्याकडे हात नेला, मग थांबली आणि दामोदरच्या कार्डाला कुंकू लावून निघून गेली. त्या दिवशी मी मनातल्या मनात त्या गुलाबी तुकड्यांना वाळवी लागो असे म्हटले.

माझ्यावर मागच्या वर्षीची यादी तशीच होती. नवा शेवटचा नंबर कोणी नव्हता आणि अहल्येला बाईंनी सांगितले होते, "आता तुला काही पुसायला नको."

कार्डांचे काही खरे नव्हते, हे पाहून मला बरे वाटे. पालक येऊन विचारत, "ते सगळं सरी बाई, ठीक आहे, पण नंबर कितवा?" मास्तर गुण तेवढे इमानाने भरत, बाकीचे रकाने मात्र कोरे राहत. वार्षिक परीक्षा झाली. निकालाच्या शनिवारी बाई खात्याच्या सभेला गेल्या होत्या. मास्तर ओसरीवर पाट टाकून बसले आणि वर्षाचे रकाने एका बैठकीत भरू लागले. 'ठीक', 'ठीक', 'ठीक'. पस्तीस वेळा 'ठीक'. मग ते थांबले. नंबरावाचून निकाल घरी पाठवायचा, हे त्यांच्या जिवाला पटेना. त्यांनी मान वर केली. समोर मी होतो.

मित्रांनो, त्यांनी माझ्यावरची यादी पाहून प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने नंबर लिहिला. मागच्या वर्षीचा नंबर, यंदाच्या कार्डावर! त्यांचा हेतू वाईट नव्हता. मुलांचे नंबर असे फार कुठे बदलतात, असे ते स्वतःशीच पुटपुटले. आणि मी? मी आनंदाने फुगलो. त्या टवळ्यांच्या तोंडावर अखेर माझेच आकडे बसले होते. अहल्येच्या कार्डावर त्यांनी अडतीस लिहिले, तेव्हाही मी हसतच होतो.

सोमवारी सकाळी उमाजी शाळेत आले आणि कचेरीच्या दाराशी उभे राहिले.

"बाई, पोरीचं नाव काढा. सांगितलं होतं तिला, यंदा परत शेवटी आलीस तर दुकानात बसायचं. काज-बटणं तरी शिकंल."

आणि त्याच वेळी अहल्या बादली घेऊन माझ्यासमोर आली. डोळे सुजलेले होते. तिने फडका दोनदा पिळला आणि वरून पुसायला सुरुवात केली. दामोदर गेला, दुसरा गेला, तिसरा गेला. त्या फडक्याखाली माझे हसू कुठल्या कुठे गेले. मला ठाऊक होते की तिच्या कार्डावरचा आकडा याच जुन्या यादीतला आहे. मास्तर सोडले तर आख्ख्या शाळेत ते एकट्या मलाच ठाऊक होते, आणि मला तोंड नव्हते. माझी मलाच लाज वाटली.

"अहल्या, हे काय करतेस?" बाई उमाजींना घेऊन बाहेर आल्या होत्या.

"शेवटचा नंबर आला ना बाई. पुसून जाते. परत कोण पुसणार?"

"कुठला नंबर? बघू कार्ड."

उमाजींनी कोटाच्या खिशातून कार्ड काढून दिले. बाईंनी कोपऱ्यातला आकडा पाहिला. मग माझ्याकडे पाहिले. सारी यादी पुसून झाली होती, तळाशी एकच ओळ उरली होती: '३८. अहल्या उमाजी'.

"तुझ्या वर्गात मुलं किती गं?"

"पस्तीस. तिघं गाव सोडून गेली ना."

"मग पस्तीस मुलांत अडतिसावी कशी आलीस तू?"

वर्गाच्या दारात भीमाचार्य मास्तर उभे होते. त्यांनी टोपी काढून हातात घेतली.

"चूक माझी आहे. मी फळ्यावरून उतरवले."

उमाजी एकदा माझ्याकडे, एकदा कार्डाकडे पाहत राहिले. "म्हणजे मास्तर, मागल्या सालच्या मापावर यंदाचा झगा बेतला होय तुम्ही? पोर वाढली की हो!" मग ते ओसरीच्या पायरीवर बसले. "सरी. आता यंदाचं माप वाचून दाखवा. सगळं वाचा."

मास्तरांनी स्वतः वाचले. गणितात जूनमध्ये नऊ, मार्चमध्ये एकतीस. तोंडी हिशेबात पंचवीसपैकी बावीस. 'अडचण' या रकान्यात 'ठीक' होते, तिथे ते अडखळले.

"अण्णा, मला लिहायला वेळ लागतो," अहल्या वडिलांना हळूच म्हणाली. "तोंडी सगळं येतं."

मास्तरांनी पेन्सिल काढली. 'ठीक' खोडले आणि तिने सांगितले तसेच्या तसे लिहिले. मग कोपऱ्यातला अडतीस रबराने घासला. फार जोराने घासला, तिथे कागद विरला.

"दाखला नको बाई," उमाजी उठत म्हणाले. "दुकान कुठं पळून जातंय."

अहल्येने माझ्यावरची शेवटची ओळ पुसली. त्यानंतर माझ्यावर कधी कोणाचा नंबर लागला नाही. मास्तर पुढे खिशात एक छोटी वही ठेवू लागले आणि रोज दोन मुलांकडे बघू लागले. कुरकुर करत, पण बघू लागले.

आणि माझे काय झाले? सुताराने मला करवतीने कापले आणि भिंतीतल्या कपाटात फळी म्हणून बसवले. माझ्या पाठीवर काय ठेवले असेल, ओळखा पाहू! होय, तीच कार्डे. सात वर्षे झाली, त्यांचे ओझे मी वाहतो आहे. हेवा गेला म्हणाल, तर नाही गेला. आजही मुले कपाट उघडतात ती त्यांच्यासाठीच. पण त्यांच्यात एक कार्ड असे होते, कोपऱ्यात कागद विरलेले. ते माझ्यावर असले की मी जरा सांभाळून असे, त्याला ओल लागू देत नसे.

सातवी पास झाल्यावर अहल्या ते न्यायला आली. बाईंनी गठ्ठा खाली काढला. ती कार्ड घेऊन वळली आणि थांबली. रिकाम्या फळीच्या कोपऱ्यात तिला कुंकवाचा फिकट डाग दिसला.

"बाई, हा आपला फळा आहे?"

मुलांनो, तुमच्या वर्गातही कोणीतरी तळाशी असेल. त्याचा आकडा तुम्हाला पाठ असेल. त्याला एकदा जवळ बसवून विचारा, की बाबा, तुला अडतं कुठे? मी सात वर्षे अशा मुलांसमोर टांगलेला होतो, आणि मी विचारले नाही.

अहल्येने बादली मागितली. फडका दोनदा पिळला, चारही कोपरे पुसले आणि वर कोरडा हात फिरवला. कार्डांचा गठ्ठा बाजूला टेबलावर पडून होता. त्यांच्याकडे तिने पाहिलेदेखील नाही.