दुसऱ्या ट्रम्पेटचा कागद

बँडमास्तर तीस वर्षं ट्रम्पेट फुंकत होते, आणि त्यातली पंचवीस स्वतःचीच टिमकी वाजवण्यात गेली, असं मास्तरीणबाईंचं मत. मत खोटं नव्हतं. कुठलीही चाल बँडसाठी बसवायची झाली की वीस वादकांचे वीस कागद मास्तर स्वतः लिहायचे, आणि चालीतला लोण्याचा गोळा दरवेळी पहिल्या ट्रम्पेटच्या कागदावर पडायचा. पहिला ट्रम्पेट कोण? तेच की! दुसरा ट्रम्पेट बाईंचा धाकटा भाऊ. बावीस वर्षं मागच्या खुर्चीवर बसून बिचारा नुसतं ‘पप् पप्’ करत होता. फुंकर मास्तरांपेक्षा गोड, पण तोंडात जीभ आहे का अशी शंका यावी, इतका गरीब.

“अहो, त्यालाही कधी चाल द्या,” बाई म्हणायच्या.

“चाल काय आमटी आहे, वाटीभर वाढायला?”

मग स्पर्धेला आठ दिवस उरले असताना मास्तर ऐटीत दातानं अक्रोड फोडायला गेले. अक्रोड धडधाकट राहिला, पुढचा दात तेवढा हातात आला. पुढचा दात गेला की ट्रम्पेट वाजत नाही, फुसफुसतो. मास्तर तोंडावर रुमाल धरून टेबलाशी बसले आणि मधली सगळी गोड चाल त्यांनी दुसऱ्या ट्रम्पेटच्या कागदावर उतरवली.

भाऊ कागद बघून हरखला. तेवढ्यात मास्तर म्हणाले, “तू मागून वाजवायचं. मी पुढं बसून बोटं हलवीन. कुणाला कळतंय?”

“बरं, दाजी.”

“बरं काय, मेल्या!” बाई कडाडल्या. “बावीस वर्षांनी ताट आलं, तेही यांच्यापुढं सरकवणार?”

“ताई, वाजवायला तर मिळतंय.”

तालमीत सगळ्या बँडला कळलं. पण बोलणार कोण? जो बोलेल त्याच्या कागदावर वर्षभर नुसते विराम.

स्पर्धेत मास्तरांनी गाल असे फुगवले, भुवया अशा चढवल्या, की खऱ्या वाजवणाऱ्यानं शिकून घ्यावं. मागून भावाचा सूर उठला, आणि बाईंना कळेना, हसावं की रडावं. टाळ्या थांबेनात. पहिलं बक्षीस! परीक्षक स्वतः जुने ट्रम्पेटवाले. ते उठून मास्तरांकडे आले. “काय वाजवलंत हो!”

मास्तर ओठ मिटून, मान झुकवून, अगदी साधुपुरुष. मागं भाऊ ट्रम्पेट पुसत उभा.

बाई पुढं झाल्या. “अहो, एवढं कौतुक चाललंय, आभार तरी माना!”

मास्तरांनी डोळे वटारले.

“लाजतात हो,” बाई परीक्षकांना म्हणाल्या. “घरी बघा यांची लाज, शेजाऱ्यांना ऐकू जाते.”

आता न बोलणं बरं दिसेना. “धन्यवाद,” मास्तर पुटपुटले, आणि खिंडार दिसलं.

परीक्षकांनी खिंडाराकडे पाहिलं, मग ट्रम्पेटकडे. “मग वाजवलं कोणी?”

बाईंनी भावाला दंडाला धरून पुढं ओढलं. परीक्षकांनी त्याचे दोन्ही हात घट्ट धरले.

“पण लिहिलं मी!” मास्तर ओरडले. त्यातही निम्मी हवाच गेली.

“सुरेख लिहिलंत. मग आजवर असं का नाही लिहिलंत?”

भावानं घसा खाकरला. “दाजी, पुढचा कागद कधी देताय?”

बाई बघतच राहिल्या. बावीस वर्षांत त्यानं पहिल्यांदा काही मागितलं होतं.

“दात बसला की बघू,” मास्तर गुरगुरले.

“सावकाश बसवा,” बाई म्हणाल्या. “घाई कुणाला आहे?”