धोटा ज्याच्या हाती, पान त्याचं

मी धोटा बोलतोय. यंत्रमागावर आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो, तोच मी. आमच्या कामतघरात, या यंत्रमागांच्या वस्तीत, मला शटल म्हणतात. तुम्ही कुठल्याही नावाने हाक मारा, मी ओ देणार नाही, कारण मला कान नाहीत. डोळा मात्र आहे, एकच, चिनी मातीचा. त्यातून धागा बाहेर पडायचा. त्या एका डोळ्याने मी जन्मभर माणसांचे ओठ पाहत आलो आणि ओठांवरून बोलणं ओळखायला शिकलो. तेव्हा माझ्या हकिकतीत कुठे चूकभूल सापडली, तर तो बोलणाऱ्याच्या मिशांचा दोष समजावा.

माझं अंग टणक लाकडाचं, हातभर लांब. दोन्ही टोकांना पोलादी टोप्या आणि पोटात पोकळी. त्या पोकळीत सुताची कांडी बसवायची, माग सुरू करायचा आणि माझ्या पाठीत रट्टा हाणायचा, की मी सुटलो! पलीकडे पोचतो न पोचतो तोच तिकडून रट्टा. मिनिटाला दीडशे रट्टे. एवढा मार खाऊन मी काय केलं, तर पांढरं कापड. त्याचा शर्ट कोणी शिवला, कोणी घातला, मला कोणी दाखवलं नाही.

मोहिउद्दीन माझा कारागीर. सहा माग एकटा सांभाळायचा. कारखान्यात आवाज असा, की माणसाने गळा फाडला तरी शेजारच्याला कळू नये. त्यामुळे तिथे आवाज वाया घालवतच नसत. तोंड मोठं उघडायचं, ओठ नीट हलवायचे, झालं. चार माग पलीकडच्या माणसाला असे विनोद सांगितले जात, पोरींची लग्नं ठरत, शिव्याही पोचत. वीस वर्षं असं गेल्यावर मोहिउद्दीनचे कान हळूच कामावरून निघून गेले. त्याला पत्ता नाही. घरी कुकरच्या सात शिट्ट्या होऊन डाळ करपली आणि हा समोर बसलेला, तेव्हा बायकोला कळलं.

त्याचं घर कारखान्याच्या भिंतीला लागूनच. त्याची मुलगी अफीफा त्या धडधडीत जन्मली आणि तिथेच बोलायला शिकली. बापाशी बोलायचं ते ओठांनी, बिनआवाजी. तिला त्यात काही विशेष वाटत नसे. बाप म्हणजे ज्याच्याशी असं बोलतात तो.

मग बिनधोट्याचे नवे माग आले. नावच बघा किती अपमानकारक! जुने माग भंगारात गेले. मोहिउद्दीनने मला तेवढा बगलेत मारून घरी आणला. छोट्या अफीफाने मला होडी केलं, आगगाडी केलं, एकदा तर मला फडक्यात गुंडाळून बाळही केलं. पण ती शाळेत गेली आणि माझे वाईट दिवस सुरू झाले. तिच्या आईने, अतियाने, माझ्या पोलादी टोकाने लसूण ठेचला. ज्याने मैलच्या मैल कापड विणलं, त्याच्या अंगाला लसणाचा वास! नंतर मी कपाटावर गेलो, आणि चार वर्षं धूळ खात पडलो.

यंदाच्या मे महिन्यात मला खाली उतरवलं ते अफीफानेच. ती आता तेरा वर्षांची. आमच्या सार्वजनिक वाचनालयात नव्या ग्रंथपाल आल्या होत्या, मृणाली मॅडम, कोन गावच्या. त्यांनी सुट्टीत बारा ते सोळा वर्षांच्या मुलांसाठी 'उन्हाळी वाचन कट्टा' काढला. रोज चार ते साडेपाच. पहिल्या दिवशी प्रत्येकाने घरातली एक वस्तू आणायची आणि तिच्याबद्दल बोलायचं, असं ठरलं होतं. कोणी घड्याळ आणलं, कोणी पितळेचा डबा. पूर्णा गावचा धनेश रिकाम्या हाताने आला. म्हणाला, "मॅडम, माझी वस्तू बाबांनी काढून घेतली. मोबाईल. म्हणून तर इथे आलोय."

अफीफाने मला टेबलावर ठेवलं आणि ती काही बोललीच नाही. मॅडमना मात्र मी आवडलो. कट्ट्यावर सतरा मुलं आणि सतराही एकदम बोलणारी, त्यामुळे त्यांना काहीतरी हवंच होतं. त्यांनी नियम केला: धोटा ज्याच्या हाती, पान त्याचं. त्याने मोठ्याने एक पान वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मग मला समोरच्या कोणाकडेही द्यायचं. म्हणजे पुन्हा इकडून तिकडे! तेही रट्टा न खाता. माझ्या लाकडाला पालवी फुटायची तेवढी बाकी होती.

वाचनालयातले जुने शिपाई केसरीनाथ यांना हे सगळं पसंत नव्हतं. 'शांतता राखा' या पाटीखाली त्यांचं स्टूल, आणि तीस वर्षं ओठांवर बोट. "मॅडम, वाचनालयान कोन मोठ्यान वाचतं?" असं ते रोज विचारत आणि रोज मॅडम म्हणत, "काका, दीड तासच."

तिसऱ्या दिवशी धनेशने मला अफीफाच्या हातात दिलं. गोष्ट चालली होती एका बोकडाची, जो वरातीत शिरतो. अफीफा उभी राहिली, वाचू लागली, आणि काय सांगू, इतकं स्वच्छ वाचन त्या कट्ट्यावर झालं नव्हतं. बाकीची मुलं ओठ मिटून पुटपुटतात, धनेश तर च्युइंगगम चघळत वाचतो. हिचा शब्द न् शब्द लख्ख. मी अगदी रंगून गेलो होतो.

आणि पाहतो तर मुलं एकमेकांना कोपरं मारून हसताहेत.

"मॅडम," धनेश म्हणाला, "ही म्यूटवर आहे."

तेव्हा कुठे माझ्या लाकडी डोक्यात उजेड पडला. अफीफाच्या तोंडून आवाजच येत नव्हता. घाबरली की तिचा आवाज पळून जाई आणि ओठ मात्र ड्युटीवर राहत, घरची सवय म्हणून. मला कान नाहीत, त्यामुळे तिच्या वाचनात काही कमी आहे हे मला कळलंच नव्हतं. अफीफा कानापर्यंत लाल झाली आणि मला बाकावर ठेवून खाली बसली. खूश झाले ते एकटे केसरीनाथ. "वाचनालयान कसा बसाचा, ता हिला एकटीला कललाय," असं त्यांनी कौतुकाने सांगितलं.

मुलं वाईट नव्हती. धनेशने दुसऱ्या दिवशी तिला स्वतःची कैरी दिली. पण त्यानंतर मी तिच्याजवळ आलो की कोणीतरी दयेने मला उचलून पुढे द्यायचं. रोज सोळा हातांत जायचो, सतराव्यात नाही. हसण्यापेक्षा हे वाईट, हे मला तिच्या खाली गेलेल्या मानेवरून कळायचं.

शेवटच्या आठवड्यात समारोपाची तयारी सुरू झाली. पालक येणार, एकेक जण माईकवर वाचणार, शेवटी बोकडाची गोष्ट. ती कोण वाचणार, असं मॅडमनी विचारलं. अफीफा उठली आणि तिने मला उचललं.

मुलं गेल्यावर मॅडमनी तिला जवळ बसवलं. "अफीफा, नक्की?"

"अब्बा येणार आहेत, मॅडम," ती म्हणाली. मॅडम एकट्याच असल्या की तिचा आवाज जागेवर असावा, कारण मॅडम तिला उत्तर देत होत्या. "ते कुठल्याच कार्यक्रमाला येत नाहीत. शाळेच्या गॅदरिंगला एकदा आले होते. ऐकू येत नाही ना, म्हणून सगळे हसले की मग ते हसायचे. एकदा तर सगळ्यांचं हसून संपलं आणि ते एकटेच हसत राहिले. लोक वळून बघायला लागले. त्यानंतर आलेच नाहीत. आता शटल आहे म्हणून येतो म्हणालेत. ही गोष्ट मी वाचली तर त्यांना कळेल. त्यांना वेळेवर हसता येईल."

"आणि तुझा आवाज आला नाही तर?"

अफीफाने जरा विचार केला. "बाकीच्या मुलांना गोष्ट माहीत आहे, मॅडम."

समारोपाच्या दिवशी वाचनालयात पाय ठेवायला जागा नव्हती. मोहिउद्दीन इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, बरोबर जुन्या कारखान्यातले तिघे जोडीदार. चौघे मागच्या रांगेत बसले, पाहुण्यांच्या घरी बसतात तसे, गुडघे जोडून. मला टेबलावर पाहून मोहिउद्दीनने मान हलवली. मीही हलवली असती.

सोळा जणांचं वाचन झालं. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मोहिउद्दीन डावीकडे बघायचा, उजवीकडे बघायचा, आणि सगळे हसताहेत अशी खात्री करून मगच हसायचा. अफीफा हे समोरून बघत होती.

मग तिची पाळी आली. तिने मला डाव्या हाताने छातीशी धरलं, उजव्या हातात पुस्तक, आणि वाचायला लागली. पहिली ओळ, दुसरी ओळ. समोरच्या रांगेतल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या. आवाज नाही.

"माईक गेला!" धनेश ओरडला आणि धावला. त्याने माईकवर टिचक्या मारल्या, हॅलो हॅलो केलं, वायर काढून पुन्हा खोचली. केसरीनाथ दुसरी वायर शोधायला गेले. बिचाऱ्या माईकमध्ये काहीच बिघाड नव्हता. मॅडम अर्ध्या उठल्या. आता ती खाली बसणार, असं मलाही वाटलं. पण अफीफाने पुस्तकातून मान वर केली, थेट मागच्या रांगेकडे बघितलं आणि तोंड आणखी मोठं उघडून वाचत राहिली. बोकड मांडवात शिरला. नवरदेवाच्या मागे गेला. फेट्याचा शेमला तोंडात धरला.

आणि मागच्या रांगेत मोहिउद्दीन हसला.

डावीकडे न बघता, उजवीकडे न बघता, पोट धरून हसला. त्याचे तिघे जोडीदारही हसले. सगळं सभागृह मागे वळलं. आयुष्यात पहिल्यांदा तो सगळ्यांच्या आधी हसला होता, आणि आता लोक त्याच्याकडे बघून विचारत होते, "काय झालं? काय झालं?"

"अरे, बोकडानं फेटा खाल्ला ना!" मोहिउद्दीन उभा राहून म्हणाला. कारखान्यातल्या माणसाचा आवाज तो. खिडकीची तावदानं हलली, पुढच्या बाईने कानावर हात ठेवले. "पूरा शेमला खाल्ला! आता नवरदेव बोलतो, माझा फेटा कुठाय? आणि बोकड त्याच्याकडे असा बघतोय, जैसे चटनी कम पडली!"

लोक हसून हसून वाकले. मग अफीफा ओळ वाचायची आणि मागून तिचा बाप ती मोठ्याने सांगायचा. जिथे तो अडायचा तिथे जोडीदार पुरवायचे. केसरीनाथ वायर घेऊन आले, सवयीने त्यांनी ओठांवर बोट नेलं, आणि ते बोट तिथेच राहिलं. मग स्टुलावर चढून त्यांनी 'शांतता राखा'ची पाटी भिंतीकडे तोंड करून टांगली.

शेवटचं पान आलं. मी तिच्या छातीशी होतो, म्हणून मला कळलं. माझ्या लाकडात एक बारीक थरथर आली, माग सुरू होताना पहिल्यांदा येते तशी. ती वाढली. धनेश माईक सोडून बघत राहिला, मॅडमनी डोळ्यांना रुमाल लावला. मोहिउद्दीनचं मात्र जोरात सांगणं चालूच होतं. शेवटी जोडीदाराने त्याचा शर्ट ओढून त्याला खाली बसवलं.

कार्यक्रम संपल्यावर केसरीनाथनी त्याला दारात गाठलं आणि त्याला कळावं म्हणून तोंड मोठं करून सांगितलं, "पोरीचा आवाज आला हां! शेवटच्या पानाला."

मोहिउद्दीनला काही कळेना. "शेवटच्या? ती तर पहिल्यापासून मोठ्यानेच वाचत होती की!"

तिचा आवाज कसा आहे, मला माहीत नाही. तिच्या बापालाही नाही. केसरीनाथ सांगतात, बरा हाय.

कट्टा आता दर शनिवारी भरतो आणि माझा मुक्काम वाचनालयातच आहे, मॅडमच्या टेबलावर. लसणाचा वासही गेला. पाटी अजून उलटीच आहे. कधी आलात तर मला हातात घ्या, एक पान वाचा आणि समोरच्याला द्या. आवाज फुटला नाही तर मान खाली घालू नका. ओठ तेवढे नीट हलवा. मी बघतोय, आणि शनिवारी मागच्या रांगेत मोहिउद्दीनही असतो.