लाल चिंधीची सायकल

मित्रांनो, मी एक जुनी डोंगरी सायकल आहे, आणि आज मला बोलल्याशिवाय राहवतच नाहीये. जाड टायर, हिरवा रंग (तोही निम्मा उडालेला), घंटी मात्र अजून खणखणीत. जंगलाच्या तोंडाशी भाड्याच्या सायकलींचं दुकान आहे ना, मी तिथली.

कारखान्यातून आले तेव्हा काय थाट होता माझा! सीटवरचा प्लास्टिकचा कागद कोणी काढायचा यावरून दोघं भांडले होते. रोज तीन-तीन फेऱ्या व्हायच्या. हिरव्या बाणांची वाट म्हणजे नवशिक्यांची वाट. आधी दाट झाडी, मग ओढ्यावरचा लाकडी साकव, मग एक छोटा चढ, आणि मग मोकळ्या कुरणातून जो उतार सुटतो तो थेट दुकानापर्यंत. पहिल्यांदा आलेली माणसं आधी घाबरायची आणि शेवटी "अजून एकच फेरी" म्हणून दुकानदारकाकांच्या मागे लागायची. काका म्हणायचे, ही माझी सगळ्यात शहाणी गाडी.

मग काय झालं कोण जाणे, मी जड झाले. माणसं चढावर उतरायला लागली, धापा टाकायला लागली. "काका, ही नको, हा नुसता रेडा आहे." एकाने सांगितलं, दुसऱ्याने सांगितलं, दहाव्यानेही तेच. गर्दीत काकांना बघायला वेळ नव्हता. नव्या सायकली आल्या आणि मी मागच्या भिंतीला टेकले. कोळ्याने चाकात संसार थाटला. आणि परवा काकांनी माझ्या हँडलला लाल चिंधी बांधली. आमच्या दुकानात लाल चिंधी म्हणजे भंगार. टेम्पो आज चार वाजता येणार होता.

दोनच्या सुमाराला एक बाई आल्या, सोबत त्यांची भाची. बाईंनी तीस वर्षं बस चालवली होती, आणि त्यांचा शेवटचा थांबा या जंगलासमोरच. रोज काचेतून झाडं बघायची आणि बस वळवून परत जायचं. निवृत्त झाल्या आणि त्याच आठवड्यात इथे हजर.

काकांनी चकचकीत सायकल पुढे केली. बाई सरळ माझ्याकडे.

"ती नका घेऊ ताई, ती चालत नाही."

"कोण म्हणतं?"

"सगळेच म्हणतात."

"डेपोत मला अशाच गाड्या द्यायचे. थांबा, बघते."

भाचीने कपाळाला हात लावला. "मावशी, आपण फिरायला आलोय."

"तपासल्याशिवाय मी गाडी हलवते का कधी?"

बाईंनी टायर दाबले, साखळी चाचपली, आणि मग माझं मागचं चाक उचलून हाताने फिरवलं. अर्धा फेरा, आणि ते खर्रकन थांबलं. पुन्हा फिरवलं, पुन्हा तेच.

"ही जड नाहीये हो. हिचा ब्रेक चिकटलाय. बिचारी इतके दिवस ब्रेक लावून धावत होती."

काका धावतच आत गेले. पाना आणला, गंज खरवडला, दोन थेंब तेल सोडलं. चाक फिरायला लागलं ते फिरतच राहिलं. कोळी कधीच पळाला होता.

"चारला टेम्पो येतोय," काका हळूच म्हणाले. "तोवर फेरी पूर्ण करून आणलीत, तर ठेवीन हिला."

निघालो, मागून चकचकीत सायकलवर भाची. झाडांची मुळं, टुणुक टुणुक. साकवाच्या फळ्या, खडखड खडखड. मी हलकी, इतकी हलकी, की मलाच हसू येत होतं. वाटेत एक आजोबा बुटाची नाडी बांधत कडेला उभे होते. बाईंनी कचकन ब्रेक दाबला आणि त्यांच्याशेजारी थांबल्या.

"काय झालं?" आजोबांनी विचारलं.

"काही नाही. कडेला माणूस दिसला की थांबते मी."

"मावशी, ते प्रवासी नाहीत," भाची म्हणाली, आणि तिघंही हसत सुटले.

मग छोटा चढ संपला आणि कुरण आलं. उतारावर वेग वाढला तशी बाईंनी थांबायला तीस वर्षांच्या सवयीने उजवा पाय दाबला. बस थांबली असती, मी सुसाट पळाले. "मावशी, हाताने! हाताने!" बाईंनी दोन्ही ब्रेक हलकेच दाबले. माझे ब्रेक धरले की लागत होते, सोडले की सुटत होते. आम्ही उंच गवतात शिरून थांबलो. बाईंच्या केसांत गवताचे तुरे. मला वाटलं, आता उतरणार, आता मला ढकलत नेणार. पण त्यांनी तुरा काढला, भाचीच्या कानामागे खोचला आणि म्हणाल्या, "हं, आता कळलं." आणि निघाल्या की.

दुकानापाशी आलो तेव्हा चारला पाच मिनिटं कमी होती, पण टेम्पो आधीच येऊन उभा होता. टेम्पोवाल्याने चिंधी बघून हँडलला हात घातला. "उतरा ताई, ही आमची."

"ही गाडी फेरीवर आहे," बाई म्हणाल्या आणि खणखणीत घंटी वाजवली.

काका आले. त्यांनी स्वतःच्या हाताने चिंधी सोडली, त्याच चिंधीने माझी साखळी पुसली आणि बाईंना विचारलं, "दुसरी फेरी मारणार का?"

मित्रांनो, आम्ही आत्ता तिकडेच निघालोय, म्हणून घाईत सांगते. कोणी जड चालत असलं तर लगेच भिंतीला टेकवू नका. आधी चाक उचलून एकदा फिरवून बघा.