देवघरावरची जागा

२०१९ साली, माघात, आमच्या घरी रेडिओचा खांब दोनदा उभा केला. पहिल्यांदा तो चुकीच्या जागी उभा केला, आणि त्याला कारण मी होते. नातेवाइकांना ही हकिगत मी पुष्कळदा सांगितली आहे, पण खरी कधीच सांगितली नाही.

माझे यजमान उकंडराव पोलिसांच्या वायरलेसमध्ये होते. निवृत्त झाल्यावर सहासष्टाव्या वर्षी परीक्षा देऊन त्यांनी हॅम रेडिओचं, म्हणजे हौसेखातर वायरलेसवर बोलायचं, लायसन काढलं. नोकरीतले दोन मित्र, एक इटारसीला आणि एक रत्नागिरीकडे, रोज सकाळी सातला आपापल्या सेटवर बसत. गच्चीवर बांधलेल्या साध्या तारेवर यांना त्यांचा आवाज विहिरीतून आल्यासारखा ऐकू येई, आणि यांचा आवाज तर त्यांच्यापर्यंत पोचतच नसे. तीस फुटांचा खांब आणि वर अँटेना, एवढं एकच त्यांना हवं होतं.

"प्रसेनजितले बोलावतो," ते म्हणाले. "त्याच्याशिवाय खांबाले हात लावायचा नाही."

प्रसेनजित गावातल्याच जानरावांचा मुलगा, आयटीआयमध्ये वीजतंत्री शिकवायचा. चौथीला तो माझ्या वर्गात होता. संग्रामपूर तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेत मी तेहतीस वर्षं शिकवलं, रोज मुलांकडून प्रतिज्ञा म्हणून घेतली. रविवारी तो आला तेव्हा मी त्याला आमच्याच कपात चहा दिला, आणि दिल्याचं माझ्या ध्यानात राहिलं. डिशवाल्या गोविंदाला दिलेला चहा कधी ध्यानात राहिला नव्हता.

घराकडे बघण्याआधी त्यानं रस्त्याकडे बघितलं. आमच्या फाटकासमोरून विजेची अकरा हजार व्होल्टची लाइन जाते.

"काका, खांब पडणारच नाही असं धरून चालू नका," तो म्हणाला. "पडला तं कुठं पडंल, ते आधी पाहा. कोण्याही बाजूले आडवा झाला तरी तारेपर्यंत पोचू नये. तीस फूट खांब, सहा फूट अँटेना. पन्नास फुटांच्या आत लाइन नको."

त्यानं टेप लावली. अंगणातून लाइन अठरा फूट भरली. घराच्या मागच्या, ईशान्येच्या कोपऱ्यातून सत्तर.

"मागचीच जागा, गच्चीवर. कॉलमले तिन्ही बाजूंनी ताणाच्या तारा बांधता येतील," असं म्हणत तो जिना चढू लागला.

मी स्वयंपाकघराच्या दारातून म्हटलं, "तिथं नाही जमायचं. खाली देवघर आहे. देवाच्या डोक्यावर आम्ही कोणाचा पाय पडू देत नाही."

अशी रीत पुष्कळ घरांत आहे. माझ्या सासूबाईंच्या काळी आमच्याही घरात होती. पण त्याच कोपऱ्यात मी दर उन्हाळ्यात मिरच्या वाळवत होते. आदल्या वर्षी गोविंदानं तिथंच टीव्हीची डिश बसवली होती, बुटांसकट, आणि काम झाल्यावर तिथं बसून बिडी ओढली होती. जिन्यावरून ती डिश समोर दिसत होती.

प्रसेनजित तिसऱ्या पायरीवर होता. त्यानं डिशकडे बघितलं आणि टेप गुंडाळली.

"बरं बाई," तो म्हणाला.

"मग समोर उभारू," हे म्हणाले.

"समोर मी नाही उभारणार काका. तुम्हीबी नका उभारू."

तो गेल्यावर हे बराच वेळ वहीत उतरवलेले टेपचे आकडे बघत बसले.

पुढच्या रविवारी गोविंदा दोन माणसं घेऊन आला.

"त्या मास्तरले भेव लय आहे काकाजी. मी गावात शंभर डिशा बसवल्या, एक तरी पडली काय?"

"डिश हातभर असते बे," हे म्हणाले. पण सकाळी सातची ओढ होतीच. मी नारळ फोडला. अंगणात ताणाच्या तारांसाठी तीन खुंट्या ठोकल्या, पाइप हातावर हात देत उभा केला. माघात आमची काळी माती भेगाळलेली असते. रस्त्याच्या विरुद्ध बाजूची खुंटी दातासारखी उपटून आली आणि खांब रस्त्याकडे झुकला.

"सोडा काकाजी," गोविंदा ओरडला आणि त्याची माणसं बाजूला उडाली. यांनी सोडला नाही. खांबाला कवटाळून त्याच्याबरोबर दोन पावलं ओढत गेले. मी ओट्यावरून बघत होते. खांब तारांवर पडला. तारा हेलकावल्या.

काही झालं नाही. ठिणगी नाही, आवाज नाही. हे तसेच खांब धरून उभे. गावातली पिठाची गिरणी बंद पडली आहे, हे मला तेव्हा जाणवलं.

फाटकात मोटरसायकलवर प्रसेनजित होता, फोन कानाला.

"लाइन बंद आहे काका, तरी हात सोडा. मागं सरका. खांबाजवळ कोणी जाऊ नका."

बाजाराहून येताना त्याला वळणावरूनच आमच्या अंगणात उठणारा पाइप दिसला होता. सबस्टेशनवरचा ऑपरेटर त्याचा विद्यार्थी. वळणावरूनच फोन करून प्रसेनजितनं त्याला लाइन बंद करायला लावली होती. हे सगळं त्यानं गोविंदाला सांगितलं तेव्हा मी तिथंच उभी होते.

शेजारपाजारच्या बाया धावत आल्या. शेजारची विमलबाई म्हणाली, "काय झालं वं शालूबाई?"

मी हात जोडले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं, "देवानं वाचवलं."

प्रसेनजित चार हातांवर होता. "हो बाई," तो म्हणाला. मग फोनमध्ये बोलला, "सुरू करू नको. मी सांगेपर्यंत नको."

महिनाभर मी हेच सांगत राहिले. माझ्या सांगण्यात लाइट नेमकी त्याच वेळी आपोआप गेलेली असे.

मग बाजारात मेथी घेताना प्रसेनजितची आई कलाबाई भेटली.

"बाई, तुमच्या देवाले सांगा जरा," ती म्हणाली. "त्या ऑपरेटर पोराले नोटीस आली. न विचारता लाइन काऊन बंद केली म्हणून. माह्या पोरानं सारं सोतावर घेतलं. म्या म्हणलं, खांब रस्त्यापाशी काऊन उभारला, ते लिहून दे ना. तं म्हणे, बाईले तरास नको."

मी मेथीची जुडी परत ठेवली आणि घरी आले. यांना सगळं सांगितलं.

"तुले आता कळून राह्यलं?" हे म्हणाले.

"मी त्याला जिन्यावर का अडवलं, ते तुम्हाला त्याच दिवशी कळलं होतं?"

"हाव."

"मग बोलला का नाही?"

त्यांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. "मी बी याच घरात वाढलो ना."

मी वीज कार्यालयाला पत्र लिहिलं. चूक आमची होती, लाइन बंद केली म्हणून एक माणूस जिवंत राहिला, ऑपरेटरला दोष देऊ नये, असं सगळं लिहिलं. खांब समोर का घेतला, या ठिकाणी आले आणि पेन थांबलं. शेवटी 'घरगुती अडचण' असं लिहून सही केली.

हे प्रसेनजितच्या घरी जाऊन आले. तिथं काय बोलले ते मी विचारलं नाही. फाल्गुनात, वारा नसलेल्या एका सकाळी तो गोविंदाला घेऊन आला. त्यानं खांबाचा बुंधा बिजागरीनं गच्चीला जखडला, तिन्ही ताणांची लांबी आधीच मोजून ठेवली, खांब पडेल त्या रेषेत कोणी उभं राहायचं नाही असं बजावलं, आणि शेवटी तांब्याची पट्टी खाली जमिनीत अर्थिंगपर्यंत नेली. पण त्याआधी, जिन्याशी, त्यानं पिशवीतून एक खोका काढला.

"गच्चीवर रबरी तळव्याचे बूट लागतात बाई," तो म्हणाला. "हे कोरे आहेत. मातीत ठेवले नाहीत अजून."

मला म्हणायचं होतं, राहू दे रे, आहेत त्याच बुटांनी जा. मी बाजूला झाले आणि तो वर गेला. गोविंदा खाली मान घालून आपले बूट पायपुसण्यावर घासत राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी सातला इटारसीचा आवाज स्वयंपाकघरापर्यंत ऐकू आला. हे दोन वर्षं, शेवटच्या आठवड्यापर्यंत, रोज त्यांच्याशी बोलले. २०२१च्या पावसाळ्यात ते गेले. इटारसीचे मित्र दिवसकार्याला आले होते. रत्नागिरीच्यांना गुडघ्यांमुळे जमलं नाही.

ऑपरेटरची नोटीस मागे घेतली गेली. तो आता मलकापूरला असतो. गोविंदानं डिशचं काम सोडून मोबाइलचं दुकान टाकलं. जानराव आधीच गेले होते, कलाबाई गेल्या वर्षी गेल्या. मी भेटायला गेले तेव्हा प्रसेनजितची बायको धम्मशीला हिनं मला पाणी दिलं. ते पिताना तिचं माझ्याकडे लक्ष आहे का, हे मी बघत होते. नव्हतं. प्रसेनजितनं यांच्या माघारी खांब उतरवून आपल्या विद्यार्थ्यांसाठी नेला. दिवाळीला त्याचा फोन येतो. मी तब्येत विचारते, मुलांचं विचारते आणि ठेवते.

मी सत्तर वर्षांची आहे, लेकीकडे, सुचिताकडे, बुलढाण्याला राहते. मागच्या महिन्यात तिनं पाहुण्यांना ती हकिगत सांगितली, माझ्याकडून ऐकलेली, देवानं वाचवल्याची. मी म्हटलं, "देवानं नाही. प्रसेनजितनं लाइन बंद करायला लावली होती."

"कोण प्रसेनजित?" तिनं विचारलं.

"माझा विद्यार्थी," मी म्हटलं. पाहुणे वा वा म्हणाले. शिक्षकाचं नशीब असतं, म्हणाले. मी ते ऐकून घेतलं.