यहोशवाचे मळके कपडे

चंपाबाईंचं डोकं सकाळपासूनच तापलेलं होतं. घाटकोपरच्या त्या छोट्या मराठी चर्चमध्ये महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन, म्हणजे येशूच्या आठवणीची भाकर, असतं आणि त्या दिवशी बायका पांढरी साडी नेसून येतात, ही जुनी रीत. त्यांची लेक दर्शना मात्र आंबा रंगाची साडी नेसून सगळ्यात मागच्या बाकावर बसली होती. हौस म्हणून नव्हे, चर्चच्या पंचकमिटीने तसं ठरवलं होतं म्हणून. नवरा मारतो म्हणून ती ट्रॉम्बेचं घर सोडून माहेरी आली, तर मारणारा राहिला बाजूला आणि ठपका हिच्यावर. नवऱ्याशी समेट होईपर्यंत पांढरी साडी नाही आणि प्रभुभोजनही नाही. त्या कमिटीत दर्शनाचे वडील, कुंडलिकराव, स्वतः बसले होते आणि तोंडात मिठाची गुळणी धरून घरी आले होते. त्या दिवसापासून चंपाबाई त्यांच्याशी कामापुरतंच बोलत होत्या.

दर्शनाला साडीचं काही नव्हतं. तिला फक्त सगळ्यांबरोबर प्रभूची भाकर घ्यायची होती. माझं एवढंच तर उरलंय आई, असं ती एकदा म्हणाली होती.

आणि अशा दिवशी पाळक चंद्रप्रकाश यांनी उपदेशाला काय काढावं? बायबलमधला जखऱ्या संदेष्ट्याचा दृष्टान्त. यहोशवा नावाचा मुख्य याजक मळके कपडे घालून देवदूतासमोर उभा आहे आणि त्याला स्वच्छ वस्त्रं मिळतात. पाळकसाहेब छान बोलत होते, तसे ते नेहमीच बोलतात. मळके कपडे म्हणजे आपलं पाप, देवाच्या दारात यायचं तर आधी ते उतरवून या, म्हणाले. आणि हे म्हणताना नजर कुठे, तर शेवटच्या बाकावर! सगळ्या माना तिकडे वळल्या. दर्शनाने पदर खांद्यावरून ओढून घेतला.

चंपाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. रविवारच्या शाळेत त्यांनी कितीतरी मुलांना हाच अध्याय शिकवला होता. अहो, त्यात यहोशवाला आधी कपडे धुऊन ये असं कोण म्हणतं? कुणीच नाही. आणि ह्या माणसाने बघा, सोयीचं तेवढं कसं उचललं.

प्रभुभोजनाला पुढे यायला सांगितलं, तशा त्या उठल्या आणि पुढे जायच्या त्या मागे गेल्या. लेकीचा हात धरला आणि तिला वेदीपाशी आणून आपल्या शेजारी गुडघ्यांवर बसवलं. कुंडलिकराव नुसते बघत राहिले. पाळकसाहेबांनी चंपाबाईंच्या तळहातावर भाकरीचा तुकडा ठेवला आणि दर्शनासमोरून थाळी मागे घेतली. कमिटीचा ठराव आहे, माझ्या हातात काही नाही, असं हळूच म्हणाले. थाळी हातात धरून म्हणाले.

"पाळकसाहेब," चंपाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलल्या, "त्या अध्यायात देव यहोशवाला काय म्हणतो? आगीतून ओढून काढलेलं लाकूड. मग कपडे मळले कशाने? आगीनेच ना. माझी पोर पण आगीतूनच आलीय."

"हे इथे नको, चंपाबाई."

"इथेच. त्याच्यावर दोष ठेवायला तिथे एकच जण उभा होता, सैतान. आणि देवाने खडसावलं ते सैतानाला, यहोशवाला नाही. त्याचे कपडे बदला म्हणून सांगितलं ते आजूबाजूला उभे होते त्यांना. म्हणजे आपल्याला. आणि आपण काय केलं? हिच्या अंगावरची पांढरी साडी काढून घेतली."

 पाळकसाहेब लालबुंद झाले आणि थाळी घेऊन पुढच्या बाईकडे सरकले. एवढं ऐकूनही सरकले.

चंपाबाईंनी तळहातावरच्या तुकड्याकडे पाहिलं. केवढा तो, नखाएवढा. त्यांनी तो मोडला आणि अर्धा लेकीच्या हातावर ठेवला. घे, म्हणाल्या. दर्शनाने मान वर केली, पाळकसाहेब आपल्याकडे बघेपर्यंत ती थांबली, आणि मग तिने तो तुकडा खाल्ला.