झांज बरोबर बसलीय

तुझा दादा काय करतो असं कुणी विचारलं की धाकटी सांगायची, "आठवडाभर लोखंडी दारं बनवतो आणि रविवारी माझं डोकं खातो." दोन्ही खरं होतं. दादाचं वर्कशॉप होतं आणि तिथं दिवसभर ग्राइंडर किंचाळायचा. रविवारी जेवण झालं की तो मागच्या खोलीत गाण्यांच्या दोन फिरत्या तबकड्यांपुढं उभा राहायचा आणि तासभर हाउस म्युझिक, म्हणजे एका ठोक्यावर चालणारं नाचाचं संगीत, वाजवायचा. एक गाणं संपायच्या आत दुसरं त्याच्या ठोक्यात असं मिसळायचं, की कुणाला सांधा दिसू नये, हा त्याचा छंद. त्याचं रेकॉर्डिंग सोमवारी सकाळी धाकटीच्या फोनवर येऊन पडायचं. खाली एकच शब्द असायचा: ऐक.

धाकटी कवळ्या बनवायची. लॅबमध्ये खिडकीशी बसून, मेणाच्या हिरड्या कोरता कोरता, ती हेडफोन लावून दादाचं मिक्स ऐकायची. मधलं काही गाळायचं नाही, हा नियम. दुसरा नियम त्याहून कडक: आधी खोट, मग कौतुक. खोट न काढता केलेलं कौतुक दादा जमेसच धरत नसे. "नुसतं छान म्हणायला शेजारी आहेत की," म्हणायचा. त्यांचे वडील शिंपी होते. कुणाचाही कपडा हातात आला की ते आधी तो उलटा करून शिवण बघायचे, आणि ही खोड दोन्ही पोरांत उतरली होती.

मग ती लिहायची. "तिसऱ्या जोडावर दोन्ही गाण्यांचे बेस एकमेकांच्या अंगावर आलेत, नुसता चिखल. एकाचा आधी काढ, मग दुसऱ्याचा आत घे. आणि बाईच्या आवाजावर बाईचा आवाज कशाला घातलास? दोघी भांडतायत. शेवटचा जोड मात्र कुठं आला ते कळलंसुद्धा नाही. झकास." दादा उलट लिहायचा, "तुला मेला चिखलच दिसतो. जा, दात घास." आणि पुढच्या रविवारी चिखल गेलेला असायचा. दोघांचं असं वर्षानुवर्षं चाललं होतं आणि त्यात दोघांचंही बरं चाललं होतं.

मग झांज टोचायला लागली.

या संगीतात ठोक्याच्या वर एक पातळ झांज सतत वाजत असते, चिस्स चिस्स करत. बेतात असली तर पाय थांबत नाहीत. जरा चढली की दाढा शिवशिवतात. धाकटीनं लिहिलं, "ट्रेबल खाली घे, झांज टोचतेय." दादानं तो वरच्या बारीक आवाजांचा जोर उतरवला. पुढच्या मिक्समध्ये तो पुन्हा चढलेला. तिनं पुन्हा लिहिलं, त्यानं पुन्हा उतरवला. कधी इतका, की 'गाण्यावर गोधडी टाकलीस' असं तिला लिहावं लागे. "हात थरथरायला लागला का रे म्हाताऱ्या?" असंही तिनं एकदा विचारलं. दादानं नुसतं पुढचं मिक्स पाठवलं. एरवी तो शब्द खाली पडू देणारा नव्हता.

एका सुट्टीच्या दिवशी ती त्याच्याकडे गेली. दादा स्वयंपाकघरात ओव्हनशेजारी पेपर वाचत बसला होता. ओव्हनचा गजर वाजायला लागला, बारीक, चिरका, थांबायचं नाव नाही. दादानं पान उलटलं. वहिनी गच्चीवरचे कपडे तसेच टाकून खाली आली, तिनं गजर बंद केला, नवऱ्याच्या खांद्यावर जरा हात ठेवला आणि परत गेली. धाकटीकडे तिनं पाहिलं नाही.

धाकटीला कळलं. बारीक आवाज दादाला ऐकूच येत नव्हते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. लोकांच्या तोंडात खुशाल डोकावणारी बाई ती, पण सख्ख्या भावापुढं तिची जीभ उचलेना. त्या सोमवारी मिक्स आलं. झांज खिळ्यासारखी कानात शिरत होती. हे याला सांगायचं म्हणजे, तुझ्यातलं एकेक कमी होत चाललंय, हेच दर आठवड्याला सांगायचं. तिच्यानं ते होईना. तिनं लिहिलं, "या वेळी झांज बरोबर बसलीय."

"खरं?"

"खरं."

पुढं तेच सुरू झालं. खोटं पटावं म्हणून ती बाकीच्या चुका नेहमीपेक्षा जास्त काढू लागली. बेसवरून त्याला फैलावर घ्यायची आणि झांजेला शाबासकी द्यायची. दादा खुशीत होता. वहिनी एकदा फोनवर म्हणाली, "हल्ली शीळ घालत असतात हो, सारखे." ते ऐकून धाकटीला बरं वाटलं, हेही इथं सांगायला हवं.

नदीकाठच्या ज्या गोदामात दादा तरुणपणी वाजवायचा, ते पाडायचं ठरलं. मालकानं जुन्या सगळ्या मंडळींना शेवटचं बोलावलं, दुपारपासून प्रत्येकानं तासभर वाजवायचं. दादानं गाणी निवडली आणि तयारीचं मिक्स पाठवलं. या वेळी खाली 'ऐक' नव्हतं. "हे एकदा नीट बघ. तिथं पुन्हा उभं राहायला मिळणार नाही." धाकटीनं ऐकलं. हातातलं मेण मऊ होऊन बोटांना चिकटलं तरी ती तशीच बसून राहिली. तिथं आवाज सांभाळणारा कुणीतरी असेलच, तो बघून घेईल, असं तिनं मनाला समजावलं आणि लिहिलं, "झांज बरोबर बसलीय."

गोदामातले स्पीकर माणसाएवढे होते. पहिलं गाणं बरं गेलं. दुसऱ्याला स्पीकरजवळची माणसं मागं सरकली. मग एका मुलीनं कानात बोटं घातली, मग तिच्या मैत्रिणीनं, आणि हळूहळू नाचायची जागा रिकामी होत गेली. कुणी टिंगल केली नाही, कुणी ओरडलं नाही. दादाचे जुने सोबतीच होते ते, तोंडावर हसू ठेवून दाराकडं सरकत होते. दादा मान खाली घालून, डोळे मिटून जोड साधत होता. त्यानं मान वर केली तेव्हा आवाज सांभाळणाऱ्या माणसाचा हात त्याच्या खांद्यावरून पुढं येऊन, काही न विचारता, ट्रेबल उतरवत होता. दादानं त्या हाताकडं पाहिलं. मग समोरच्या मोकळ्या जमिनीकडं, मग धाकटीकडं.

तबकड्यांचा खोका टेम्पोत ठेवल्यावर दोघं पुढं बसली. त्यानं किल्ली फिरवली नाही.

"दादा, मला माहीत होतं," धाकटी म्हणाली. "तुला वरचं ऐकू येत नाही ते."

"मलाही माहीत होतं. वर्ष झालं असेल. डॉक्टर म्हणाले, ग्राइंडरनं खाल्लं."

"मग मिक्स कशाला पाठवत होतास?"

"मग काय करू? तुझ्या कानांनी ऐकत होतो ना." तो समोरच्या काचेकडं बघत बोलत होता. "तू लिहायचीस टोचतेय, मी उतरवायचो. तू लिहायचीस गोधडी, मी चढवायचो. अंदाजानं. मग तू लिहायला लागलीस, बरोबर बसलीय. दर आठवड्याला. मला वाटलं, कान गेला तर गेला, हात शिकला."

धाकटीला रडू आलं. दादानं तिला रडू दिलं, मग गाडी सुरू केली. रागावला असता तर तिला सोपं गेलं असतं.

तिनं मागितलं म्हणून त्यानं गोदामातलं रेकॉर्डिंग पाठवलं. ती खिडकीशी बसली आणि काही न गाळता तिनं ते ऐकलं. मग खरं खरं लिहिलं. झांज कुठं टोचली, कुठं असह्य झाली, काही म्हणजे काही लपवलं नाही. शेवटी लिहिलं, "पण डोळे मिटून केलास तो जोड तुझ्या आयुष्यातला सगळ्यात चांगला आहे."

उत्तर संध्याकाळी आलं. "चुका पटल्या. कौतुक राहू दे."

"दादा, ते खरं आहे."

त्यानं वाचल्याचं दिसलं. पुढं काही आलं नाही.

धाकटीनं हेडफोन पुन्हा लावले आणि तेवढाच भाग परत ऐकला. वर झांज खुपत होती, आणि तिच्याखाली दोन गाणी अशी एक झाली होती की कुठलं कुठं संपलं ते तिलाही सांगता येईना. असं त्याला पूर्वी कधीच जमलं नव्हतं. हे त्याला सांगणारी ती एकटीच होती, आणि तिचं आता तो ऐकणार नव्हता.