मागच्या खोलीचं भाडं

“मावशी, खोलीत भाडेकरू आहे असं तुम्हीच सांगितलंय. म्हणून घरपट्टी वाढली,” महापालिकेच्या खिडकीमागचा कारकून आनंदराज म्हणाला.

“मावशी कुणाला म्हणून राहिला? तुझी माय माझ्या रेणापूरची हाय का?” नागम्मानं बिल फटीतून परत आत सरकवलं. “दोन हजाराचे साडेचार हजार झाले. घराला काय सोन्याचे पत्रे ठोकलेत मी?”

ही तिसरी खेप. पहिल्यांदा साहेब मीटिंगला. दुसऱ्यांदा नवऱ्याच्या मृत्यूचा दाखला हवा होता. शिवप्पाला जाऊन सहा वर्षं झाली, पण कागदावर घरमालक अजून तोच. “अख्ख्या गंजगोलाई बाजाराला म्हाईत हाय, तुम्हालाच न्हाई,” असं त्या दिवशी ती सुनावून गेली होती. आज दाखला होता आणि सोबत शकिला होती, कारण त्या खोलीत राहणाऱ्या बाईलाही घेऊन यायला सांगितलं होतं.

शकिला भिंतीला लागून उभी होती. तिचा नवरा निजामोद्दीन शिवप्पाच्या आडत दुकानातले वजनकाटे दुरुस्त करायचा. तो वारला आणि अकरा वर्षांपूर्वी शकिला शिलाई मशीन घेऊन मागच्या खोलीत आली. भाड्याचा विषय कुणी काढला नाही. नागम्मा मात्र झंपर शिवून घेतलं की शिलाई हातावर ठेवायची, एक रुपया कमी नाही.

घरपट्टीसाठी मोजणीवाला आला तेव्हा शकिला दारात बसून काजं करत होती. “ह्या कोण?” त्यानं विचारलं. गल्लीतल्या दोघी कान देऊन उभ्या होत्या. अशीच राहायला ठेवून घेतलीय, हे म्हणायला नागम्माची जीभ वळली नाही. “भाडेकरू हाय. येळच्या येळी भाडं देती,” तिनं ठणकावलं होतं.

“स्वतः राहता तेवढ्याला कर कमी, भाड्यानं दिलं त्याला जास्त,” आनंदराज समजावत होता.

“आता इन्कम टॅक्सवालेबी येत्याल का दारात?”

“नाही येणार. तुमचं उत्पन्न तेवढं नाहीच.”

“म्हंजी चारचौघांत गरीब म्हण.”

रांगेत कुणीतरी हसलं. आनंदराजनं एक कोरा कागद काढून भराभर लिहिलं. “ह्याच्यावर सह्या करा, बिल कमी होईल. सदर महिला विनामोबदला राहते.”

“इनामोबदला म्हंजी?”

“फुकट,” तो म्हणाला, आणि रांगेतल्या माना शकिलाकडं वळल्या.

शकिला पुढं आली. “द्या साहेब कलम. खरंच तर हाय, अक्का.” तिनं मान वर न करता कागद ओढून घेतला. मशीनवर जिचं बोट कधी चुकलं नाही, तिच्या हातातलं पेन कागदाला टेकेना.

नागम्मानं कागद हिसकावला.

“ती भाडं देती.”

“किती?”

“बाराशे.”

“पावती?”

“पावती तुमच्यात लागती. आमच्यात जबान हाय.”

“मग बिल बरोबर आहे. भरा साडेचार हजार.”

कूलरसाठी साठवलेल्या पैशांतून नागम्मानं ते भरले. दोन महिने उन्हाळा अजून शिल्लक होता. कागदाचे चार तुकडे करून तिनं पिशवीत टाकले. ह्या लोकांच्या कचऱ्याच्या टोपलीत ते नकोत.

ऑटोत शकिला हळूच म्हणाली, “अक्का, खोटं कशाला बोललात?”

“गप बस. ऑटोवाला ऐकून राहिला.”

एक तारखेला सकाळी शकिला उंबऱ्याशी आली. ओढणीच्या गाठीतून नोटांची घडी काढून तिनं पुढं धरली. बाराशे.

नागम्माच्या तोंडाशी शिवी आली. ‘ठेव तुझ्यापाशी’ म्हणावं, तर फाडलेल्या कागदातला तो शब्द पुन्हा दोघींच्या मधे येऊन बसला असता. शकिलानं हात मागं घेतला नाही.

नागम्मा पायरीवर बसली. बोटाला थुंकी लावून तिनं नोटा दोनदा मोजल्या.

“ही शंभराची फाटकी हाय. बदलून आण.”

“हाव, आणते.” शकिला वळली, पुन्हा थांबली. अकरा वर्षांत कधी काढला नव्हता तसा, जरा चढा सूर लावून म्हणाली, “अन् माझ्या खोलीतल्या नळाची तोटी गळून राहिली महिनाभर. बघा जरा.”

“बघते,” नागम्मा म्हणाली, आणि गुडघ्यावर हात टेकून पाना शोधायला उठली.